सहावा डाग आणि मी

मी एक जुनी थापी आहे. गवंडी भिंतीला गिलावा करतो ना, तसली. पण मित्रांनो, मी उभ्या आयुष्यात एकही भिंत बांधली नाही. बाईंनी मला दुकानातून उचलले तेव्हा दुकानदाराने सहज विचारले, भिंत कुठे बांधायची आहे. बाई म्हणाल्या, ती कधीचीच बांधून झाली आहे, आता सापडायची आहे. दुकानदाराने त्यांच्याकडे जरा काळजीनेच पाहिले.

आमच्या बाई पुरातत्त्वज्ञ. पूर्वीची माणसे कशी राहत होती, हे त्या जमिनीत शोधत. खणायचे म्हटले की लोकांना कुदळ आठवते. आमच्याकडे कुदळीचा मान वरच्या मातीपुरता. पुढे सगळे मीच. नखाएवढा थर खरवडायचा, थांबायचे, मातीचा रंग बघायचा. खालचा थर बहुधा वरच्यापेक्षा जुना, म्हणून मी रोज थोडी थोडी मागच्या काळात उतरत असे. उतरता उतरता मला गुंगी येई. राखेचा मऊ थर लागला की वाटे, इथले कुणीतरी आत्ताच चूल विझवून बाहेर गेले आहे, आपण आवाज न करता त्याची वाट पाहावी. सापडलेली वस्तू लगेच उचलायची नाही, हा आमचा नियम. आधी तिची जागा मोजायची, चित्र काढायचे, फोटो घ्यायचा. रस्त्याने जाणारे विचारत, सोने सापडले का. बाई आनंदाने सांगत, राख सापडली. लोक हळहळत निघून जात.

अशा बाईंच्या हातून एकदा चूक झाली. ती माझ्याच पात्याने झाली, म्हणून मी सांगितलीच पाहिजे.

पिवळ्या मातीत पाच काळसर गोल डाग दिसले होते. आम्ही खणत होतो त्या माळावर उंदरांचा नुसता सुळसुळाट. बाईंना खालची दगडी भिंत गाठायची घाई झाली होती. त्यांनी वहीत 'उंदरांची बिळे, पाच' असे लिहिले, जागा मोजून ठेवल्या, आणि आम्ही पाचही डाग खरवडून साफ केले. संध्याकाळी नकाशेवाले काका ती मापे कागदावर मांडत होते. त्यांची पेन्सिल मध्येच थांबली. पाचही डाग एका बाकदार रेषेवर होते, एकमेकांपासून सारख्याच अंतरावर.

"बाई, उंदीर टेप लावून बीळ खणत नाहीत," काका म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. खांब कुजून जातो, पण त्याच्या जागी माती काळी राहते, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होते. ते एका गोल घराचे खांब असावेत. पण आता दाखवणार काय? एकदा खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. कुणाचे तरी घर आपण उंदरांच्या नावावर लिहून पुसून टाकले, या विचाराने बाईंना जेवण गेले नाही. मला रोज पुसून ठेवणाऱ्या बाई त्या दिवशी मला तशीच विसरल्या.

आशा एकच होती. दोन खड्ड्यांच्या मध्ये आम्ही न खणलेल्या मातीची भिंत मुद्दाम सोडतो, तिच्या बाजूवर सगळे थर वाचता यावेत म्हणून. काकांच्या मापांप्रमाणे सहावा खांब तिच्याखाली यायला हवा होता. खड्डे बुजवून जमीन मालकाला परत द्यायला तीन दिवस उरले होते.

दोन दिवस आम्ही ती भिंत नखानखाने उतरवली. तिसऱ्या दिवशी पिवळी माती लागली. खूण केलेल्या जागी काहीच नव्हते. काकांनी मान फिरवली. बाई वीतभर बाजूला सरकल्या आणि त्यांनी मला अगदी अलगद ओढले. पात्याखाली माती काळी होत गेली. गोल.

या वेळी बाईंनी घाई केली नाही. गोलाच्या मधोमध दोरी ताणून त्यांनी एकच बाजू खणली. आत, कडेला, तीन चपटे दगड उभे ठोकलेले होते.

"खांब हलत होता त्यांचा," बाई म्हणाल्या. "कुणीतरी दगड ठोकून घट्ट केलाय."

वहीतल्या जुन्या ओळीवर त्यांनी एकच रेघ मारली, चूकही वाचता यावी अशी. शेजारी लिहिले, 'घर'. काकांना उरलेली बाजूही खणून हवी होती.

"नको," बाई म्हणाल्या. "आपल्याला आज जे कळायचं ते अर्ध्यात कळलं. बाकीचं आपल्याहून शहाण्या माणसाला लागेल."

मग वाळू अंथरून सगळे बुजवले.

आता बाई थकल्या आहेत आणि माझे पाते झिजून निम्मे राहिले आहे. मध्यंतरी कुणीतरी माझ्या पात्याने रंगाच्या डब्याचे झाकण उघडले. मला फार वाईट वाटले, सांगायला कसली लाज? पण टेबलाच्या खणात पडल्या पडल्या डोळा लागतो तेव्हा मी त्या पिवळ्या मातीत असते.

मित्रांनो, कुठे जुने खापर दिसले तर ते खिशात घालू नका. ते कुठे पडले होते, यातच त्याची निम्मी गोष्ट असते. मोठ्यांना बोलवा, जागा दाखवा. आणि तुमच्यापैकी कुणी कधी त्या माळावर पोचलेच, तर अर्धा खांब अजून तिथे आहे. बाईंनी तो तुमच्यासाठी ठेवला आहे. घाई करू नका.