बुरशी न टाकलेली बाटली

कोळसा खाणारी बुरशी आमच्याच मेंढवाड्यातल्या लेंडीखतात सापडली, याचा मला केवढा तोरा होता! लिग्नाइट म्हणजे अर्धाकच्चा कोळसा, लाखो वर्षांपूर्वीचं लाकूडच ते. त्यातल्या कार्बनच्या कड्या अजून ऑक्सिजनच्या दुव्यांनी एकमेकींना धरून असतात. बुरशी ते दुवे तोडते, कोळसा विरघळतो, आणि ते तपकिरी पाणी पिकाला टॉनिक म्हणून देता येतं. माझा एम.एस्सी.चा सगळा प्रबंध एवढ्यावर उभा होता.

अडचण एकच झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या, बुरशी न टाकलेल्या बाटलीतलं पाणीही तेवढंच तपकिरी झालं. माझ्या हातून सगळ्याच बाटल्यांच्या द्रावणात सोडा जास्त पडला होता आणि कोळसा सोड्यानंच विरघळवला होता. पुन्हा करायचं तर सहा महिने गेले असते. मी ती बाटली बेसिनमध्ये ओतून दिली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

सादरीकरणाच्या दिवशी आबा मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून पाथरीहून एसटीनं परभणीला आले. धुतलेला पटका बांधून मागच्या बाकावर बसले. माझं बोलणं झालं, टाळ्या झाल्या. माझ्या मार्गदर्शक सत्यशीला मॅडमनी कौतुकानं विचारलं, "बाबा, लेकीला काही विचारायचंय?"

आबा उठले. "बबिता, लय चांगलं बोललीस. पर बुरशी न टाकता ठिवलेली बाटली कुटं हाय? आमी कुनाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवताव, तवा एक पट्टा मोकळा सोडताव. पीक आल्यावर मालकाला फरक दिसाय पायजे ना."

"फुटली, आबा," मी म्हणाले.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. आबा लगबगीनं माझ्या मदतीला धावले. "फुटली म्हनली म्हंजी फुटलीच आसंल, मॅडम. पोरगी खोटं बोलत न्हाई."

परीक्षकांना फसवताना मला काही वाटलं नव्हतं. आबांनी साक्ष दिली आणि धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"फुटली नाही, मॅडम. मीच ओतून दिली. तिच्यातलं पाणीपण असंच तपकिरी झालं होतं."

आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते मॅडमकडं वळले, हात जोडले आणि म्हणाले, "माफी करा. शिकवन्यात आमीच कमी पडलाव."