काटा मधोमध

मेकॅनिकने रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि ओलं झालेलं बोट तिघांसमोर धरलं.

"हे बघा. गळतोय."

मुलगा वाकून बघायला गेला. बाबांना वाकता येत नव्हतं. डाव्या गुडघ्याने त्यांचं वाकणं आणि क्लच दाबणं, दोन्ही एकदमच बंद केलं होतं. आईने पर्समधून चष्मा काढून लावला. कोपऱ्यावर हिरवट-पांढरे डाग धरले होते आणि त्यांच्या टोकाशी एक थेंब सावकाश मोठा होत होता.

"पाणी रोज घालावं लागतं?" मेकॅनिकने विचारलं.

"रोज," बाबा म्हणाले. आवाजात किंचित अभिमान होता. "मी स्वतः घालतो. झाडांची झारी आहे ना, तिची चोच रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीत बरोबर बसते. काठोकाठ भरतो."

"मग झालं की, काका. पाणी कुठेतरी जातंय म्हणूनच घालावं लागतंय." त्याने बोट पँटला पुसलं. "उतरवून डाख मारून देतो, पण जाळी जुनी आहे. एका जागी डाख मारला की शेजारी फुटते. मी तर म्हणेन नवाच टाका."

"या गाडीला नवा रेडिएटर?" मुलगा हसला. "गाडीच लाजेल. त्यापेक्षा रविवारी संध्याकाळी तो माणूस येतोय बघायला, त्याला आहे तशी देऊन टाकू." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "आणि आई, राग मानू नकोस, पण तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. गाडी तापणारच. मावशीकडे मी सोडत जाईन की तुला."

"कधी?"

"वेळ मिळेल तसा."

आईने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. बाबांचा गुडघा गेला तेव्हा गाडी अंगणात धूळ खात पडेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. साठी उलटलेल्या आईने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा लायसन्स घेऊन आली. तेव्हापासून घाटापलीकडे एकट्या राहणाऱ्या बहिणीकडे ती मनात येईल तेव्हा जायची. कोणाला वेळ आहे का, हे विचारायचं ती विसरूनच गेली होती.

"काटा वर जात नाही," ती मेकॅनिकला म्हणाली.

"कुठला काटा?"

"तापमानाचा. घाटातसुद्धा मधोमध असतो. गाडी तापत असती तर वर गेला असता ना?"

"काकू, काटाच बिघडला असेल."

मुलगा पुन्हा हसला. बाबा हसले नाहीत.

"रविवारपर्यंत कशालाच हात लावू नका," आई म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं पातेलं घासायला पडलं होतं, म्हणून तिने दूध लहान पातेल्यात ओतलं. जेमतेम मावलं. ते गॅसवर ठेवून ती खिडकीशी आली. खाली अंगणात बाबांनी बॉनेट उघडलं होतं. त्यांनी झारी दोन्ही हातांनी धरली आणि पाणी बाटलीच्या ओठापर्यंत येऊन थरथरेस्तोवर ओतलं. त्यांच्या पहिल्या गाडीला अशी वेगळी बाटली नव्हती. त्या गाडीत पाणी गळ्यापर्यंतच भरावं लागायचं, आणि एकदा ते राहिलं म्हणून भर दुपारी रस्त्यात कसे अडकलो, ही गोष्ट ते अजून रंगवून सांगत. या गाडीच्या बाटलीवर कुठवर भरायचं त्याच्या खुणा होत्या, पण प्लास्टिक इतकं पिवळं पडलं होतं की त्या आता दिसत नव्हत्या.

मागे चर्र आवाज झाला. दूध उतू गेलं होतं.

तिने गॅस बंद केला. फडकं घेतलं, पण पुसलं नाही. उकळणं थांबल्यावर पातेल्यातलं दूध खाली बसलं होतं, काठापासून चांगलं दोन बोटं खाली. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

गरम पाण्याला जागा जास्त लागते. काठोकाठ भरलेल्या बाटलीत ती जागा नसते, म्हणून पाणी नळीतून बाहेर पडतं, रेडिएटरच्या कोपऱ्यावर ठिबकतं, वाळून डाग धरतं. गाडी निवली की उरलेलं पाणी आत ओढलं जातं आणि सकाळी बाटलीतलं पाणी उतरलेलं दिसतं. मग झारी येते. रोज. गाडी गळत नव्हती. गाडी उतू जात होती.

तिने हाक मारायला खिडकी पूर्ण उघडली. बाबा झाकण घट्ट बसवून आता बॉनेटची कड रुमालाने पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी बॉनेटवर दोनदा हलकेच थोपटलं, जसं लहान मुलाला आंघोळ घातल्यावर थोपटतात.

तिने खिडकी आवाज न करता लावून घेतली.

त्या संध्याकाळी गाडी निवल्यावर ती खाली गेली. सुट्टीत आलेली नात लाल नेलपॉलिश विसरून गेली होती. पाणी जिथवर उतरलं होतं, तिथे तिने बाटलीवर एक बारीक रेघ ओढली. गाडीखाली जुना पेपर पसरला.

पुढच्या सकाळी बाबा झारी घेऊन आले तेव्हा ती आधीच गाडीत बसलेली होती.

"आज मी बघितलंय पाणी. चला, बसा, उशीर होतोय."

"कशाला उशीर? मंडईला?"

"चांगली भाजी संपते."

"अगं, सात वाजलेत. भाजीसुद्धा झोपेत असेल."

तरी ते बसले. बसण्याआधी झारी घेऊन क्षणभर उभे राहिले आणि पाणी गुलाबाच्या कुंडीत ओतून आले.

संध्याकाळी पाणी रेघेवर होतं. पेपर कोरडा होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. शुक्रवारी मात्र बहिणीचा फोन आला आणि लांबला. बोलता बोलता आईला खालून बॉनेट लागल्याचा आवाज आला. ती फोन तसाच ठेवून चपला न घालता खाली धावली. बाबा कुंड्यांपाशी उभे होते, कुंड्यांखाली पाण्याचं थारोळं.

"पाणी घातलंत?"

"घातलं ना. गुलाबाला."

ते आत गेल्यावर तिने बॉनेट उघडून पाहिलं. पाणी रेघेवरच होतं. नशीब, असं म्हणून तिने घाम पुसला.

रविवारी सकाळी मुलगा आला, संध्याकाळसाठी गाडीची कागदपत्रं घ्यायला. आई साडीला पिन लावून तयार होती.

"आम्ही मावशीकडे निघालोय. घाटातून."

"आई, आज? मध्येच बंद पडली तर?"

"तू मागून ये की. दोरी घे, पाण्याचा कॅन घे. हवं तर क्रेनही बोलाव."

घाटाच्या पायथ्याशी तिने काच खाली केली. "अहो, मला रस्ता बघायचाय. काटा तुम्ही सांगायचा."

"निघाल्यापासून बघतोय मी," बाबा म्हणाले. "निघताना तळाला होता. मग हळूहळू चढला. आता मधोमध." ते जरा थांबले. "बिघडलेला काटा असा चढेल का गं?"

"नाही चढणार."

पुढे लोखंडी सळ्या भरलेला ट्रक होता, धुराचा लोट सोडत जेमतेम सरकणारा. त्याच्या मागे दुसऱ्या गियरमध्ये चढत राहण्यावाचून इलाज नव्हता. ऊन समोरून येत होतं. आरशात मुलाची चकचकीत गाडी दिसत होती. प्रत्येक वळणावर बाबा घोषणा करत होते.

"मधोमध!"

पुढचं वळण.

"मधोमध!"

सगळ्यात उभ्या चढावर ते गप्प झाले. आईने दोनदा वाट पाहिली. इंजिनाचा आवाज जड झाला होता. तळव्यांना घाम आला होता, पण स्टिअरिंग सोडून हात पुसता येत नव्हता.

"अहो?"

"थांब. बघतोय."

"लवकर सांगा."

"जरासा हलल्यासारखा..." आणि त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "छे! मधोमध! केसभरसुद्धा नाही हलला!"

ट्रकवाल्याने हात बाहेर काढून पुढे जायची खूण केली. आईने गियर बदलला, पाय दाबला, सळ्यांचं ते सगळं लांबलचक खडखडणं मागे टाकलं आणि माथ्यावर मोकळ्या जागेत गाडी आणून उभी केली. वारा इतका होता की दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले.

मुलगा बऱ्याच वेळाने आला. तो ट्रकमागेच अडकला होता. उतरल्याबरोबर त्याने बॉनेटकडे पाहिलं. वाफ नव्हती. मग तो शर्टाची पर्वा न करता धुळीत आडवा झाला आणि गाडीखाली डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा कान मातीने भरलेले होते.

"कोरडी आहे."

"मग?" आई म्हणाली.

"मग गळत कुठे होतं?"

बाबा कठड्याशी उभे राहून दरीकडे बघत होते. आईने त्यांच्या पाठीकडे एकदा पाहिलं.

"झाकण सैल होतं," ती म्हणाली. "मी घट्ट बसवलं."

"एवढंच?" मुलाने केसांतली माती झटकली. मग हातातल्या फोनकडे पाहिलं. "संध्याकाळी त्या माणसाला काय सांगू?"

"सांग, गाडी बाहेर गेलीय."

तो आधी तिच्याकडे बघतच राहिला आणि मग जोरात हसला, या वेळी वेगळं. कॅनमधलं पाणी काढून त्याने स्वतः तिच्या गाडीची पुढची काच धुतली आणि आपली गाडी वळवून घरी निघाला.

उतार लागला. बाबांनी आपल्या बाजूची काच वर केली.

"झाकण मीच लावायचो," ते म्हणाले. "सैल नव्हतं."

आईने तिसरा गियर टाकला.

"ती लाल रेघ मी शुक्रवारीच बघितली. बॉनेट उघडलं होतं ना."

तिला कुंड्यांखाली साचलेलं ते थारोळं आठवलं. गुलाब त्या दिवशी अक्षरशः पोहत होता.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं गुपचूप चाललं होतं. म्हटलं, चालू दे."

खाली झाडांमधून बहिणीच्या घराचं छप्पर दिसू लागलं. समोर रस्ता रिकामा होता, तरी आईने हॉर्न दिला, चांगला लांबलचक.

"काटा?" तिने विचारलं.

बाबा पुढे वाकले. गुडघा कुरकुरला, पण ते पूर्ण वाकले आणि नाक जवळजवळ काचेला लावून बघितलं.

"मधोमध," ते म्हणाले.