बाईंनी वाचलेला इतिहास

मित्रांनो, माझ्या पाठीला चिकटपट्टी लावली आहे आणि माझी पाने चहाच्या रंगाची झाली आहेत. मी मुलांसाठी लिहिलेले इतिहासाचे एक जुने पुस्तक आहे. पुण्यातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. राजे, प्रवासी, तह आणि लढाया पोटात घेऊन मी एका शाळेच्या कपाटात जाऊन बसलो. तिथे पद्मजाबाई इतिहास शिकवत. धडा संपून वेळ उरला की त्या मला उघडून मोठ्याने वाचत. मग मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबे. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे शाळेत संगणक आले. त्यांना जागा हवी, म्हणून आमची कपाटे हलली आणि माझे सोबती रद्दीत गेले. बाई तेव्हा निवृत्त होत होत्या. त्यांनी मला पिशवीत घालून नारायण पेठेतल्या आपल्या घरी नेले. पण तिथेही मी कितीतरी वर्षे माळ्यावर धूळ खात पडलो.

एके दिवशी बाईंचा जुना विद्यार्थी आमोद माझी चौकशी करत आला. तो खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. सुटीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र जुनी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करत आणि इंटरनेटवर फुकट ठेवत. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना ती ऐकता येत. मला मात्र बाईंनीच वाचावे, असा त्याचा हट्ट होता. बाईंचे यजमान माधवराव म्हणाले, हिला आता फार बोलवत नाही. तेव्हा कुठे आमोदला कळले, की बाईंच्या घशात कर्करोग आहे आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावे लागणार आहे.

"बाई, राहू द्या मग. आपण विश्रांती घ्या," तो म्हणाला.

"विश्रांती पुढे भरपूर आहे," बाई म्हणाल्या. "यंत्र लाव."

आतल्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या उभ्या केल्या. बाई वाचत, खोकत, घोटभर पाणी पीत आणि चुकलेले वाक्य पुन्हा घेत. मला सपाट धरता धरता माझी शिवण उसवली, पण बाईंचे हाल बघताना माझे मला काही वाटले नाही. दवाखान्यात भरती होईपर्यंत त्या वाचत राहिल्या. तरी शेवटची प्रकरणे राहिलीच.

शस्त्रक्रियेनंतर ती वाचायला आमोदने दीपमालाला आणले. ती लातूरकडची, वाघोलीला खोली घेऊन शिकणारी. बाई समोरच बसल्या होत्या. गळ्याला श्वासासाठी केलेले भोक आणि त्यावर पांढरी जाळी. त्यांना पाहून पोरगी बिचकली.

"बाईंच्या मागं माझा आवाज कसा चालंल? माझं बोलणं गावाकडचं हाय."

बाईंनी पाटीवर लिहिले, 'खणखणीत वाच.' ती वाचू लागली तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुस्तक पूर्ण झाले. बाई मात्र त्याच वर्षीच्या थंडीत गेल्या.

नंतर आमोद ते ध्वनिमुद्रण घेऊन घरी आला. माधवरावांनी ते शांतपणे ऐकले. मग ते म्हणाले, "छान झालंय. पण हे तिचं वर्गातलं बोलणं. वाचता वाचता मधेमधे ती माझ्यावर खेकसायची बघ. अहो, पंखा बंद करा. अहो, भांडी नंतर घासा. तेवढं मला दे."

आमोद मान खाली घालून बसला. "काका, ते मी पुसून टाकलं. वाचन स्वच्छ व्हावं म्हणून. आता कुठेच नाहीये."

"बरोबर आहे. पुस्तकात नव्हतंच ते," माधवराव म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मित्रांनो, ते खेकसणे मी ऐकले आहे. मी बाईंच्या मांडीवरच होतो. शब्द तुम्हाला सांगितले, पण आवाज मी कुठून आणू? आम्हा पुस्तकांना तुम्ही जपा, कोरड्या जागी ठेवा, आमची पाने दुमडू नका, हे तर आहेच. पण घरातले कोणी तुम्हाला पंख्यावरून नाहीतर भांड्यांवरून हाक मारत असेल, तर लगेच कानावर हात ठेवू नका. राजांचे तह मी जपून ठेवीन. ती हाक जपायला तुमच्यावाचून दुसरे कोणी नाही.