मागीलदार नसलेली खोली

देवकीचे पत्र सगुणने नऊ वर्षे उत्तराविना ठेवले होते. पत्रात एवढेच होते: "सगुणबाब, मी मागीलदार मागितलेलां, हें एकदां कागदार लिवन दियात. लोक म्हणतत, सासूक मीच जाळलंय."

पाळी गावाच्या बाजूला खाणीच्या मातीचा डोंगर एका वाडीवर घसरला, तेव्हा चाळीस कुटुंबांच्या निवाऱ्याचा नकाशा सगुणने काढला होता. सरकारी कचेरीतला तो ड्राफ्ट्समन, मान वर करून न बोलणारा. छपराचे पत्रे थोडे, माणसे फार. त्याने खोल्या पाठीला पाठ लावून बसवल्या, मधला पत्रा दोन खोल्यांत एक. चाळीस बरोबर बसल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

बांधकाम चालू असताना त्या वाडीतली देवकी येऊन उभी राहिली.

"सगुणबाब, मागीलदार खंय?"

"मागचं दार बसत नाही, बाये."

"मगे चूल खंय घालू? तुमच्या टकलेर?"

बाया खिदळल्या. सगुणही ओशाळून हसला. "दोन महिन्यांचा तर प्रश्न."

दोन महिन्यांची तीन वर्षे झाली. चूल, न्हाणी, बायकांचे सगळे राज्य मागच्या दारी असायचे. इथे मागे पत्राच. आत धुराने जीव घुसमटे, म्हणून चूल एकुलत्या दारात आली. एका दुपारी देवकी विहिरीवर असताना चुलीजवळच्या लाकडांनी पेट घेतला. आत अंथरुणाला खिळलेली सासू, शेवंती. लोक धावले, पण दारच जळत होते.

अहवालात कारण लिहिले होते: रहिवाशांचा निष्काळजीपणा. सगुणने तो वाचला आणि कागदाखाली कागद ठेवावा तसा ठेवून दिला.

परवा त्याची बायको पद्मावती बाजारातून आली ती बातमी घेऊनच. "त्या देवकीच्या चेडवाची सोयरीक मोडली. सासू जाळली म्हणतत, तिच्या चेडवाक सून कोण करतलो?"

"नकाशा माझा होता," सगुण म्हणाला.

तिने पिशवी खाली ठेवली. "आतां सांगतात तुमी?"

त्याने चार कागद फाडले. प्रत्येकात पाऊस होता, साहेब होते, पत्र्यांची टंचाई होती. पाचव्यावर एवढेच राहिले: "देवकीबाय, तुम्ही मागचे दार मागितले होते. मी ऐकले होते. चूल दारात आली ती माझ्या नकाशामुळे. हे पत्र कोणालाही दाखवा." खाली पूर्ण नाव, जुना हुद्दा.

मोडलेली सोयरीक याने जुळेल, असे त्याला वाटले नाही. शेवंती तर गेलीच होती. डिचोलीच्या टपालपेटीशी तो बराच वेळ पाकीट धरून उभा राहिला. मागचा माणूस खाकरला, तेव्हा त्याने ते आत सोडले.