फळ्यावरचे सातवे नाव

१९५९ च्या जानेवारीत मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. गाव रेवदंड्यापासून खाडीच्या काठाने दोन कोस आत. मुंबईच्या ग्रंथपाल-वर्गाला प्रवेश हवा तर वाचनालयातल्या सहा महिन्यांच्या कामाचा दाखला लागे. तो चिटणीस दिनानाथ वर्तक देणार होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत.

गुरुवारी दुपारी तीन ते पाच बायकांची वेळ. तेव्हा फिरोजा सरखोत यायची. एकोणीस वर्षांची, मराठी सातवी झालेली. तिचे आजोबा नजमुद्दीनचाचा बाहेरच्या बाकावर बसून राहत. त्यांनी आयुष्यभर गलबत हाकले होते. नातीला वाचनालयात आणताना त्यांनी भाऊंसमोर तिला बजावले होते, "एक तक्रार आली, का बंद. मंग रडायचं न्हाय." घरातल्या इतरांना हे वाचन पसंत नव्हते. चाचांच्या एकट्याच्या जोरावर ते चालले होते.

बारा मार्चच्या गुरुवारी तिने ताऱ्यांवरचे एक चोपन्न पानी पुस्तक परत केले. त्याचा दोरा सुटला होता. मी ते तसेच बाइंडिंगच्या गठ्ठ्यात टाकले. देवघेव वहीत जमा नंतर करू म्हटले, कारण टेबलापाशी पाच बाया उभ्या होत्या. ती जमा राहूनच गेली. सभासदाला एका वेळी दोन पुस्तके मिळत. फिरोजा पुढेही एकेक नेत राहिली आणि वहीतली रिकामी जागा कुणाला दिसली नाही.

मे महिन्यात गणती झाली. सात पुस्तके कमी भरली. गणतीनंतर बाजाराच्या बाजूच्या भिंतीवर काळा फळा लागे आणि त्यावर पुस्तक न देणाऱ्यांची नावे लिहिली जात. पुस्तक आणून दिले की नाव पुसायचे. गावात ही पद्धत माझ्या जन्माआधीपासून होती आणि तिला लोक पोलिसाहून जास्त भीत.

भाऊंचा नियम होता, नाव लिहिण्याआधी कपाटे, फाटक्या पुस्तकांची पेटी आणि बाइंडिंगहून आलेला गठ्ठा हाताने तपासायचा. मी कपाटे पाहिली, पेटी पाहिली. बाइंडिंगहून आलेल्या पुस्तकांच्या फक्त पाठी वाचल्या. मग फिरोजाला विचारले.

"मी तुमच्या हातात दिलं, बाई," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, दोरा सुटलाय याचा."

"वहीत जमा नाही."

"वहीत तुम्ही लिहिता ना?"

तिने हे उद्धटपणे विचारले नव्हते. मला मात्र ते लागले. आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. उरलेल्या सहा जणांना मी दोनदा निरोप पाठवले होते. तिला एकदाच विचारले. ती मुसलमान नसती तर दुसऱ्यांदा विचारले असते का, याचे उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते.

बारा मे, मंगळवार, बाजाराचा दिवस. सकाळी आठ वाजता मी फळ्यावर सात नावे लिहिली. माझे अक्षर चांगले होते. सातवे नाव फिरोजाचे, बाईमाणसाचे तेवढे एकच.

चाचांना मराठी वाचता येत नसे. बाळाजी शिंप्याने समोरच्या दुकानातूनच त्यांना ओरडून सांगितले, "चाचा, अवो, नातीचं नाव लागलंय की फळ्याव! पुस्तकं भाजून खाता का काय घरात?"

लोक हसले. कुणीतरी म्हणाले, "बोंबलापेक्षा स्वस्त पडतंय."

चाचा फळ्यासमोर उभे राहिले. कुठली ओळ तिची ते त्यांनी बाळाजीला बोट लावून दाखवायला सांगितले. मग आत आले आणि तिने त्या आठवड्यात वाचायला नेलेले दुसरे पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले. "तिचं नाव काढ तुझ्या वहीतनं," म्हणाले. पुढच्या गुरुवारी बाक रिकामा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेचे हेडमास्तर एक पुस्तक परत करताना म्हणाले, "यात तीन पुस्तकं आहेत. पाठीवर नाव एकाचंच." बाइंडर बारीक पुस्तके तीन-तीन मिळून बांधायचा. पुठ्ठा वाचावा म्हणून आम्हीच त्याला तसे सांगितलेले. मधले पुस्तक ताऱ्यांचे होते.

भाऊंना दाखवले. ते बराच वेळ पाने उलटत राहिले. "नाव पुसून टाक," म्हणाले.

मी पुसले. बाळाजीने मशीन थांबवून पाहिले. "दिलं वाटतं आणून शेवटी," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "फळ्याचा दणका हाय तो."

पुसले म्हणजे आणून दिले, एवढाच त्या फळ्याचा अर्थ होता. मी तिची चोरी पक्की केली होती. तोंडाने सांगता आले असते. मी ओल्या फडक्याला पीळ देत आत गेले.

संध्याकाळी पुस्तक घेऊन सरखोतांच्या घरी गेले. चाचांनी सगळे ऐकून घेतले. फिरोजा आतल्या दाराशी उभी होती.

"म्हंजे चूक तुझी," चाचा म्हणाले.

"हो, चाचा. तिला पाठवा. मी स्वतः—"

"माझे पोरगे, सुना, सगळी म्हणतात, बघा, शिकवली तर काय झालं. मी त्यांना काय दाखवू? जिथं तिचं नाव लिवलंस, तिथंच लिव. चूक वाचनालयाची, पोरीची न्हाय. खाली तुझं नाव. कुणाकडनंबी वाचून घेईन मी. मंग धाडतो तिला."

"भाऊंना विचारते."

"इचार," चाचा म्हणाले. आतून फिरोजा म्हणाली, "लिहिताना कुणाला विचारलं होतं, बाई?"

दुसऱ्या दिवशी भाऊंना विचारले. "संस्थेच्या फळ्यावर संस्थेचीच चूक?" ते म्हणाले. "उद्या बाकीचे सहाही म्हणतील, आमचंही बघा. तुझा दाखला टाइप व्हायला अलिबागला गेलाय, सगुणा. उगाच घोळ घालू नकोस." ते तालुक्याला गेले. दुपारभर मी एकटीच होते. खडू टेबलाच्या खणात होता. गुरुवारच्या बाया आल्या आणि गेल्या. पाच वाजता मी कुलूप लावले.

तीस जूनला दाखला मिळाला. जुलैत मी मुंबईच्या वर्गात होते. दुसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या सरांनी विचारले, गणतीत पुस्तक हरवलेले दिसते पण खरे हरवलेले नसते, असे केव्हा होते? मी हात वर केला. एकत्र बांधणीचे उदाहरण दिले. एका खेड्यातल्या वाचनालयात एका उमेदवाराकडून असे झाले होते, असे सांगितले. सरांनी सगळ्यांना ते उतरवून घ्यायला लावले.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "आणि त्या वाचकाचं पुढे काय झालं?"

"चूक दुरुस्त केली," मी म्हणाले, आणि खाली बसले.