पंचवीस मार्चचं आभाळ

चर्चच्या घुमटावरचे देवदूत पुसून तिथे तारांगण बसवलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. वेदीच्या जागी आता उल्का आणि रॉकेटच्या प्रतिकृती मांडलेल्या. गावाला मात्र रविवारच्या खेळातली चिठ्ठीच आवडे. लोकांनी टोपीत तारखा टाकायच्या, तारांगण चालवणाऱ्या आउस्माने डोळे मिटून एक उचलायची, मोठ्याने वाचायची आणि त्या संध्याकाळचं आभाळ लावायचं. बहुतेक वाढदिवसच निघत.

"पंचवीस मार्च, एकोणीसशे एकोणपन्नास," आउस्मा सवयीने वाचून मोकळी झाली, आणि मग तिला कळलं, आपण काय वाचलं.

त्या दिवशी सरकारने गावोगावची माणसं रेल्वेच्या गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियाला नेली होती. तिची आईही. ती परत आलीच नाही. तेवीस वर्षांत ही तारीख चारचौघांत कुणी उच्चारली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे चिठ्ठीवरच्या नऊच्या आकड्याच्या शेपटीला अशी गाठ एकच मुलगी मारायची: शेवटच्या रांगेत बसलेली तिची सतरा वर्षांची लेक इंता. कार्टीला आजच अवदसा आठवली! तिसऱ्या रांगेत पक्षाच्या समितीचे क्रूमिन्श वही उघडून बसले होते.

थांबलं तर तारखेचा अर्थ कळल्याचं दिसेल, म्हणून आउस्माने मुकाट्याने यंत्राचं चाक फिरवलं. पूर्वेला तांबूस स्वाती उगवली. एरवी ती ताऱ्यांची नावं घडाघडा सांगे. आज ती नुसतं चाक फिरवत राहिली.

लोक गेले. क्रूमिन्श यंत्रापाशी आले.

"चिठ्ठी कुणाची?"

"माझीच. मीच टाकली होती." चिठ्ठी तिच्या मुठीत घामाने भिजली होती. इंता दारात पांढरीफटक उभी होती.

"हीच तारीख का?"

"त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, साहेब. तारे चांगले दिसतात."

"निरभ्र?" ते तिच्याकडे बघतच राहिले. "बर्फ पडत होतं, बाई. डब्यांच्या कड्या गोठल्या होत्या. लावता लावता माझी बोटं सोलली."

आईच्या डब्याची कडी कुणी लावली, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

क्रूमिन्शनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "जाळा ती चिठ्ठी. आत्ता, माझ्यासमोर. मी बोललो, तेही तुम्ही ऐकलं नाहीत. समजलं?"

त्यांनी काडेपेटी काढली. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरी आउस्माने त्यांच्या हातून घेऊन पेटवली आणि चिठ्ठीला लावली.