मी बिघडलेलो नाही!

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना, बिघडलेला नव्हे! हे आधीच सांगतो, कारण अलेक्झांड्रियातल्या आमच्या गल्लीत माझी फार बदनामी झाली आहे.

माझा मालक बयूमी रात्रभर भट्टीवर रोट्या भाजतो आणि दिवसा झोपतो. त्याच्या भावाने मला कुवेतहून आणले, तेव्हा लोक मला हात लावायलाही बिचकत. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात मी गायलो. पुढे माझी रवानगी कपाटावर, रजयांच्या गठ्ठ्याखाली झाली. वीस वर्षे कुणी धूळसुद्धा झटकली नाही.

मग बयूमीची बायको इन्साफ लेकीच्या बाळंतपणासाठी चाळीस दिवस अस्वानला निघाली. तिची गोष्ट ऐकल्याशिवाय या पन्नाशीच्या गड्याचा डोळा लागत नाही. म्हणून तिने मला खाली काढले आणि संथ आवाजात एक गोष्ट भरून ठेवली.

घरी असताना तो घोरू लागला की ती मध्येच थांबे. टेपवर मात्र तिने गोष्ट पुरी केली, आणि शेवटी हदूता, म्हणजे गोष्ट, संपवण्याच्या रीतीप्रमाणे विचारले, “तूता तूता, संपली हदूता! गोड की फिकी?”

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर न देणे म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याचा अपमान. बयूमी ताडकन उठून बसला. “गोड, गोड!” मग कसली झोप! रोज हेच. आठवड्याने तो भट्टीपुढे पेंगला, रोट्यांचा कोळसा झाला आणि भट्टीच्या मालकाने त्याला कामावरून काढण्याची धमकी दिली.

आणि थपडा कुणाला? मला!

“उस्ताद, हे डबडं मला झोपू देत नाही,” असे म्हणत त्याने मला दुरुस्तीवाल्या लबीबसमोर आदळले. लबीबने टेप लावली, ऐकता ऐकता पेंगला आणि शेवटी दचकून ओरडला, “गोड!”

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “अरे बाबा, यंत्र ठणठणीत आहे! तुझी बायको विचारतेय आणि तू उठून उत्तर देतोयस. थांब, शेवट पुसतो.”

“खबरदार! इन्साफचं तोंड बंद करणारा तू कोण?”

“मग बस जागत!”

घरी येऊन बयूमीने मला उशाशी ठेवले. बटण दाबण्याआधीच हळूच म्हणाला, “गोड आहे गं इन्साफ, फार गोड.” मग बटण दाबले आणि उत्तर आधीच देऊन झाल्यामुळे शेवटच्या प्रश्नालाही न उठता संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपला.

माझी माफी कुणी मागितली नाही ती नाहीच. मित्रांनो, यंत्राला मारण्याआधी ते काय म्हणते आहे ते नीट ऐका. कधी कधी त्यातून तुमच्याच घरचे माणूस बोलत असते.